फुकटच्या टोपलीत काय नव्हते?

नांदेडहून अर्धापूर मागे टाकून हिंगोलीकडे निघाले की वारंगा फाटा लागतो. कळमनुरी तालुक्यातले हे गाव फाट्यामुळेच सगळ्यांना ठाऊक. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो, दुसरा हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. गाड्या थांबतात, माणसे उतरून गरम खिचडी खातात आणि आपापल्या वाटेला लागतात. एका शिक्षक मेळाव्याला जाताना आम्हीही तिथे थांबलो होतो. बरोबर जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक विज्ञान शिक्षक होते. खाता खाता त्यांनी विचारले, "सर, एक कंपनी आमच्या शाळेला दहा टॅब फुकट देतो म्हणतीय. पण त्या टॅबवर फक्त त्यांचंच अभ्यासाचं ॲप चालतं, दुसरं काही उघडत नाही. घ्यावेत का?"

प्रश्न साधा होता, पण आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. कारण हाच प्रश्न, फार मोठ्या आकारात, दहा वर्षांपूर्वी साऱ्या देशापुढे आला होता. त्या वेळी जो युक्तिवाद झाला त्याची नीट तपासणी आपण शिक्षकांनी आणि संशोधकांनी अजून केलेली नाही. प्रस्तुत लेखात ती करण्याचा विचार आहे.

एका शेतकऱ्याची गोष्ट

२८ डिसेंबर २०१५ रोजी टाइम्स ऑफ इंडियामध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांचा एक लेख छापून आला. त्यांच्या कंपनीची 'फ्री बेसिक्स' नावाची योजना भारतात चालू राहावी, हा त्याचा हेतू. ही योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये 'इंटरनेट डॉट ऑर्ग' या नावाने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या ग्राहकांसाठी सुरू झाली होती. पहिल्या काही राज्यांत महाराष्ट्र होता आणि भाषांमध्ये मराठीही होती. ग्राहकाला डेटाचे पैसे पडत नसत. मात्र उघडता येत ती फक्त योजनेत घेतलेली संकेतस्थळे. सुरुवातीला ती तीसेक होती. बाकीच्या इंटरनेटसाठी पैसे भरायचे.

त्या लेखात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती. त्याचे पहिले नाव दिले होते, गाव दिले नव्हते. या शेतकऱ्याने फ्री बेसिक्सवर हवामान पाहून पावसाळ्याची तयारी केली, बाजारभाव पाहून माल बऱ्या दराने विकला आणि आता तो नव्या पिकांत आणि जनावरांत पैसे गुंतवतो आहे. याने इंटरनेटचे काय नुकसान झाले, असा लेखाचा सवाल होता.

सवाल बिनतोड वाटतो. हळदीला आज वसमतला काय भाव आहे आणि हिंगोलीला काय, हे कळमनुरीच्या शेतकऱ्याला घरबसल्या फुकट कळत असेल तर त्याला कोण विरोध करील? योजनेला विरोध करणाऱ्यांपैकी अनेकांनी या सवालाला बगल दिली, हे मान्य केले पाहिजे. आम्हीही त्यांच्यातलेच. म्हणून आता या गोष्टीपासूनच सुरुवात करू. पण त्याआधी इंटरनेटवरून माहिती जाते कशी, ते थोडक्यात पाहू.

पाकिटे आणि त्यांचे पत्ते

आपण एखादे छायाचित्र पाठवतो तेव्हा ते सलग जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना आपण पाकिटे म्हणू. एका पाकिटात साधारणपणे १५०० बाइटपर्यंत माहिती मावते. म्हणजे ३० लाख बाइटच्या छायाचित्राची सुमारे २००० पाकिटे होतात. प्रत्येकावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो. वाटेतली यंत्रे, म्हणजे राउटर, पत्ता वाचतात आणि पाकीट पुढच्या यंत्राकडे ढकलतात. एकाच छायाचित्राची पाकिटे वेगवेगळ्या वाटांनीही जाऊ शकतात. पोचल्यावर घेणाऱ्याचा संगणक ती क्रमाने लावतो. माहितीचे असे तुकडे करून पाठवण्याची कल्पना पॉल बॅरन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी १९६० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडली. त्या पायावर १९७४ मध्ये व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याची रीत प्रसिद्ध केली.

या रचनेत एक महत्त्वाची गोष्ट आहे. पाकीट पुढे धाडायला राउटरला फक्त पत्ता लागतो. आत हवामानाचा अंदाज आहे, क्रिकेटचा धावफलक आहे की प्रेमपत्र, हे त्याला जाणण्याची गरज नसते. मोबाइलच्या मनोऱ्याचेही तसेच. १५०० बाइट पाठवायला जी ऊर्जा लागते ती आतला मजकूर बदलला म्हणून कमीजास्त होत नाही. तेव्हा एका संकेतस्थळाची पाकिटे फुकट आणि दुसऱ्याची विकत, हा फरक खर्चातून आलेला नसतो. तो कोणीतरी ठरवलेला असतो.

वाटेतल्याने असा फरक करू नये, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी, म्हणजे इंटरनेटची तटस्थता, म्हणतात. याचा अर्थ वाहतुकीला काहीच नियम नकोत असा नाही. रुग्णवाहिकेला आपण वाट देतो, पण ती कोणत्या दवाखान्याची आहे हे विचारत नाही. बोलण्याची पाकिटे उशिरा पोचली तर संभाषण तुटते, म्हणून तशा सर्वच पाकिटांना थोडे पुढे सोडणे तटस्थतेत बसते. एका कंपनीची पुढे सोडणे आणि दुसरीची अडवणे बसत नाही.

ग्रंथालयाची उपमा

आता झुकरबर्ग यांच्या लेखाकडे परत येऊ. त्यात आणखी एक उपमा होती. सार्वजनिक ग्रंथालयात सगळी पुस्तके नसतात, सरकारी दवाखान्यात सगळे उपचार नसतात, तरी त्यांचा उपयोग मोठा आहे. मग इंटरनेटची अशी प्राथमिक सेवा का नको?

ही उपमा शिक्षकांनी तपासण्याजोगी आहे. तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तके कमी असतात ती पैसे आणि जागा कमी म्हणून. कपाट मोठे झाले की पुस्तके वाढतात. ग्रंथालयाच्या समितीला जाब विचारता येतो. फ्री बेसिक्समध्ये संकेतस्थळे कमी होती ती रचनेमुळेच. ग्राहकाची मागणी कंपनीच्या मधल्या संगणकातून जात असे आणि तिथे यादीत असेल तेच पुढे सुटे. या संगणकावरून कोण काय वाचतो हेही पाहता येणे शक्य होते. डिसेंबर २०१५ मध्ये आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतल्या पन्नासेक प्राध्यापकांनी जे निवेदन काढले त्यात हे मुद्दे स्पष्ट मांडले होते. मूलभूत काय हे एका कंपनीने ठरवावे, वाचणाऱ्याची माहिती तिच्या हातात जावी आणि या सगळ्याला फुकट म्हणावे, या तिन्ही गोष्टींना त्यांचा आक्षेप होता.

कंपनीचे उत्तर असे होते की, मे २०१५ पासून यादी सर्वांना खुली आहे. तांत्रिक अटी पाळणाऱ्या कोणालाही यात येता येईल. पण त्या अटी काय होत्या? चित्रफीत नको, इंटरनेटवरून बोलणे नको, मोठी छायाचित्रे नकोत, फाइल पाठवणे नको. डेटा वाचवण्यासाठी या अटी समजण्यासारख्या आहेत. त्यांचा परिणाम मात्र काय झाला असता, हे आपल्याच जिल्ह्याच्या उदाहरणाने पाहू.

फेब्रुवारी २०१६ चे दोन आठवडे

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ८ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्णय दिला. मजकूर पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. आणीबाणीच्या सेवांचा तेवढा अपवाद. नियम मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड. तीनच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, फेसबुकने भारतातली फ्री बेसिक्स योजना गुंडाळल्याचे जाहीर झाले.

योगायोग असा की त्याच ११ फेब्रुवारीला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांनी गुरुत्वीय लहरी सापडल्याची घोषणा केली. पाठोपाठ १७ फेब्रुवारीला आपल्या केंद्र सरकारने भारतात तशी वेधशाळा उभारायला तत्त्वतः मान्यता दिली. ती जागा पुढे हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, ठरली. एप्रिल २०२३ मध्ये २६०० कोटी रुपयांच्या खर्चाला अंतिम मंजुरी मिळाली.

लायगोने घोषणेच्याच दिवशी त्या लहरीची मूळ नोंद इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. सेकंदाला ४०९६ आकडे या हिशेबाने ३२ सेकंदांचे सुमारे १ लाख ३१ हजार आकडे होतात. एका आकड्याला ८ बाइट धरले तर जेमतेम साडेदहा लाख बाइट, म्हणजे सुमारे ७०० पाकिटे. आज वारंगा फाट्यावर उभ्या असलेल्या अकरावीच्या विद्यार्थिनीला तिच्या मोबाइलवर ती नोंद उतरवून घेता येते. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. फ्री बेसिक्सच्या दारातून मात्र ही फाइल आत आली नसती. ज्या जिल्ह्यात गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची, त्या जिल्ह्यातल्या मुलीच्या फुकटच्या टोपलीत गुरुत्वीय लहरी नसत्या.

यावर कोणी म्हणेल, शेतकऱ्याला आणि शाळकरी मुलीला असल्या नोंदी काय करायच्या? हवामान आणि बाजारभाव पुरे. आमच्या मते त्या लेखातली मोठी चूक इथेच आहे. त्या गोष्टीतला शेतकरी फक्त घेतो. हवामान घेतो, भाव घेतो. तो काहीही देत नाही. आपल्या हळदीवर पडलेल्या करप्याचे छायाचित्र तो विद्यापीठाकडे पाठवत नाही, पाच गावांतले भाव गोळा करून स्वतःचे पान काढत नाही, चुकलेल्या अंदाजाबद्दल तक्रार मांडत नाही. दुसऱ्याने त्याच्यासाठी काय निवडले तेवढेच त्याच्या वाट्याला येते.

देणाऱ्यांचे इंटरनेट

इंटरनेटचे खरे वैशिष्ट्य हेच की तिथे घेणारा आणि देणारा असे दोन वर्ग नाहीत. प्रत्येक टोकाला पत्ता असतो आणि प्रत्येक पत्त्यावरून पाकीट निघू शकते. वर्ल्ड वाइड वेब जन्माला आले ते जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला तो संशोधकांना एकमेकांची माहिती मिळावी म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते कोणालाही विनामूल्य वापरायला मोकळे केले. त्यासाठी त्यांना कुठल्याही टेलिफोन कंपनीच्या यादीत नाव घालावे लागले नाही.

आपल्याकडचे उदाहरण शिक्षकांना अधिक जवळचे वाटेल. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून मुलांना कविता, चित्रफिती आणि गृहपाठ उपलब्ध करून दिले. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार डिसले यांना मिळाला. आता क्यूआर कोड म्हणजे काय, तर चौकटीत लिहिलेला एक पत्ता. मोबाइलने तो वाचला की त्या पत्त्यावरची पाकिटे मागवली जातात. कोणत्याही पत्त्याची पाकिटे येत असतील तरच परितेवाडीच्या शिक्षकाच्या कोडला अर्थ. फक्त यादीतल्या पत्त्यांची येत असतील, तर त्या कोडवर चित्रफीत उघडलीच नसती. शिक्षकाला स्वतःचे काही देता आले नसते. मोठ्या कंपनीने तयार केलेला धडा दाखवणारा माणूस एवढेच त्याचे काम उरले असते.

आमच्या बाजूचे काय चुकले?

टीका करायची तर दोन्ही बाजूंवर केली पाहिजे. मार्च २०१५ मध्ये ट्रायने ११८ पानांचे एक टिपण काढून वीस प्रश्नांवर लोकांची मते मागवली. एप्रिलमध्ये 'सेव्ह द इंटरनेट' या मोहिमेतून दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले. क्लिअरट्रिप, एनडीटीव्ही यांनी इंटरनेट डॉट ऑर्गमधून अंग काढून घेतले. डिसेंबरात ट्रायने पुन्हा चार प्रश्न विचारले, तेव्हा फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून तयार मजकुराची पत्रे पाठवून घेतली. त्यांत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे नव्हती. ट्रायने ती मोजून निकाल लावला नाही, कारणे पाहिली. हे योग्यच झाले.

पण मग मोहिमेकडून गेलेल्या लाखो ईमेलचे काय? त्यांतलेही बरेच तयार मसुद्यावरून गेले होते. प्रश्नांची उत्तरे त्यांत होती, हा फरक मोठा आहे. तरीही ज्याच्याकडे इंटरनेट नव्हते त्याला ईमेल पाठवता येत नव्हता, हेही खरे. फ्री बेसिक्सवाले त्या माणसाच्या नावाने बोलत होते आणि आपणही त्याच्याच नावाने बोलत होतो. तो स्वतः त्या वादात कुठेच नव्हता.

पुढे स्वस्त इंटरनेट आले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, काही महिने डेटा फुकट होता आणि नंतरही दर फार खाली राहिले. तो डेटा सगळ्या इंटरनेटसाठी होता, कुठल्या यादीपुरता नव्हता. म्हणजे 'थोडे फुकट किंवा काहीच नाही' एवढे दोनच पर्याय होते, हे म्हणणे वर्षभरातच खोटे ठरले. ट्रायने स्वतः डिसेंबर २०१६ मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा, मजकुराची अट न घालता, फुकट देण्याची शिफारस केली होती. फुकट देणे आणि तटस्थ राहणे यांत विरोध नाही, हे त्यातून दिसते. मात्र स्वस्त डेटा आला तो बाजारातल्या स्पर्धेमुळे, आमच्या मोहिमेमुळे नव्हे. रस्ता सर्वांना सारखा असावा यासाठी आम्ही भांडलो. तो शाळेच्या दारापर्यंत यावा यासाठी तितके भांडलो नाही.

लढाई संपलेलीही नाही. भारतात २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने तटस्थतेचे तत्त्व मान्य करून परवान्यांच्या अटींत घातले. पण जुलै २०२३ मध्ये ट्रायने संदेशवहनाच्या ॲपवर नियंत्रण असावे का आणि निवडक ॲपवर बंदी घालता येईल का, हा विषय पुन्हा चर्चेला काढला. मोठ्या संकेतस्थळांनी जाळ्याच्या खर्चाचा वाटा द्यावा, ही दूरसंचार कंपन्यांची मागणीही पुढे आली. अमेरिकेत तर हा नियम २०१५ मध्ये आला, २०१७ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो पुन्हा काढून टाकला. तेव्हा एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असे समजण्यात अर्थ नाही.

टॅब घ्यावेत का?

आता फाट्यावरच्या प्रश्नाकडे वळू. ट्रायचा नियम वाटेला लागू आहे. टॅब बनवणाऱ्याने टॅबवर एकच ॲप ठेवले तर त्याला तो नियम अडवत नाही. रस्ता मोकळा राहिला तरी दार एकच ठेवले की परिणाम तोच. म्हणून अशी भेट येईल तेव्हा शिक्षकांनी तीन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हाला वाटते.

पहिली, यावर बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ आणि मला हवे ते दुसरे पान उघडता येईल का? दुसरी, मी किंवा माझ्या विद्यार्थ्याने तयार केलेले काही यावर ठेवता येईल का? तिसरी, मुले यावर काय वाचतात, कुठे चुकतात, याची नोंद कोणाकडे जाते आणि ती पुसून टाकायला सांगता येते का?

यातला दुसरा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो सहसा कोणी विचारत नाही. वर्गातही या तत्त्वाचा एक छोटा प्रयोग करता येईल. एक उतारा वीस चिठ्ठ्यांवर तुकड्यातुकड्याने लिहा, प्रत्येकीवर पत्ता आणि क्रमांक घाला आणि मुलांच्या रांगांतून पुढे पाठवा. पहिल्या खेपेला वाटेतल्या मुलांनी फक्त पत्ता पाहायचा. दुसऱ्या खेपेला मधल्या एका मुलाला चिठ्ठी उघडून वाचायची आणि न आवडलेली ठेवून घ्यायची मुभा द्या. दोन्ही वेळा उतारा किती पूर्ण झाला ते पाहा. मग मुलांना विचारा की तो मधला मुलगा वाईट होता का. बहुतेक मुले नाही म्हणतील. त्याला तसा अधिकार दिला होता, एवढेच. चर्चा तिथून पुढे न्यावी.

हे तीन प्रश्न आम्ही त्या शिक्षकांना कळवले. त्यांनी ते कंपनीच्या माणसापुढे ठेवले. पहिल्या दोन्हींना उत्तर 'नाही' असे मिळाले, तिसऱ्याला उत्तर मिळाले नाही. तरी शाळेने टॅब घेतले. "सर, दुसरं काय हाय आमच्याकडं?" असे ते फोनवर म्हणाले. आम्ही त्यांना दोष देऊ शकलो नाही. आता शनिवारी ते स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून शाळेच्या जुन्या संगणकावर मुलांना बाकीचे इंटरनेट दाखवतात. मुलांनी परिसरातल्या विहिरींच्या पाणीपातळीची नोंद ठेवायला घेतली आहे. ती कुठे प्रसिद्ध करायची, असे त्यांनी परवा विचारले. टॅबवर ती ठेवता येत नाही. म्हणून ती सर्वांना पाहता येईल अशा एका खुल्या पानावर टाकायला आम्ही त्यांना मदत करत आहोत.